ग्रहणी, गहू आणि हिंगाची डबी

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधराव्या अध्यायात ग्रहणीरोगावर तक्राची जी प्रशंसा आली आहे, तिचा प्रत्यय आम्ही चिकित्सालयात अनेकदा घेतला आहे. तक्र, मुगाचे कढण, जुना तांदूळ, ज्वारीची भाकरी आणि प्रथम ग्रासाबरोबर सघृत हिंग्वाष्टक, एवढ्यावर अग्नी सावरलेले रुग्ण आपणा सर्वांच्या स्मरणात असतील. गहू गुरू, म्हणून तो पहिल्याच दिवशी वर्ज्य करण्याची आमची पद्धत होती. त्या पद्धतीनेच आम्हांला एकदा तोंडघशी पाडले.

रुग्णा चोवीस वर्षांची. दोन वर्षे द्रवमलप्रवृत्ती, आध्मान, कार्श्य; हिमोग्लोबिन ७.८. लोह घेऊनही पांडुता हटत नव्हती. आम्ही वरील पथ्य व पंचामृत पर्पटी योजिली. तिच्या लोहाच्या आणि बी-१२च्या गोळ्या चालूच ठेवल्या. चार महिन्यांत वजन वाढले आणि आम्ही मनोमन स्वतःची पाठ थोपटून घेतली. पुढे एका लग्नात तिने पुऱ्या खाल्ल्या, आणि सारे पूर्ववत!

तेव्हा कोठे सीलिअॅक रोगाची शंका आली. टीटीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी मात्र नकारार्थी निघाली. पोटविकारतज्ज्ञांनी एकच प्रश्न विचारला, “गहू कधीपासून बंद आहे?” ही तपासणी ग्लूटेन पोटात जात असेल तरच भरवशाची, गहू सोडल्यावर प्रतिपिंडे हळूहळू ओसरतात, आतड्याचे अस्तरही भरून येऊ लागते. म्हणजे आमच्या पथ्याने उपशय दिला आणि निदानच पुसून टाकले. बिचारीला काही आठवडे पुन्हा पोळ्या खाऊन त्रास सोसावा लागला. मग तपासणी होकारार्थी आली. बायॉप्सीने निदान पक्के झाले.

या रोगाचा गव्हाशी असलेला संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडला. गहू, जव व राय आजन्म वर्ज्य करणे हाच उपाय. ‘सणापुरते चालेल’ ही सवलत येथे नाही. सातूचे पीठ, रवा, शेवया यांची आठवण राहते. आमच्याच फडताळातील वस्तू मात्र राहून गेली.

पथ्य काटेकोर पाळूनही तिचे आध्मान जाईना. अखेर आम्ही हिंगाची डबी उलटून वाचली. बाजारच्या बांधानी हिंगात डिंकाबरोबर पुष्कळदा मैदा असतो, आणि आमचे हिंग्वाष्टक त्याच हिंगाचे! ग्रंथोक्त द्रव्य शुद्ध निर्यास; सोय आमची. हिरा हिंग तुपात भाजून चूर्ण नव्याने केले. महिन्याभरात पोट शांत झाले. केवळ हिंगच कारण होता असा आमचा दावा नाही, कारण त्याच सुमारास तिने पोळपाट-लाटणेही वेगळे केले होते.

आता जुनाट अतिसारासह न हटणारी पांडुता दिसली, की गहू सोडविण्यापूर्वी आम्ही टीटीजी करवून घेतो. खर्चावरून रुग्ण कुरकुरतात. तरी त्या दिवशी पथ्याचा कागद देत नाही.