चित्रातला माल आणि गोदामातला माल

दिवाळी जवळ आली की पेठेतल्या दुकानांमध्ये जाहिरातींची लगबग सुरू होते. पूर्वी त्यासाठी छायाचित्रकार बोलवावा लागे, माल मांडावा लागे आणि छापखान्यात दोन-तीन खेपा घालाव्या लागत. आता घरातील तरुण पिढी संगणकावर दोन ओळी लिहिते, ‘लाकडी चौरंगावर उंच पितळी समई, पाच वाती तेवत आहेत, मागे गडद तपकिरी भिंत, उजवीकडून उबदार प्रकाश’, आणि मिनिटभरात तसे चित्र समोर येते. ही सोय आपल्या व्यापारात आलेलीच आहे. तेव्हा ती कशी चालते, तिचा हिशेब कसा ठेवावा आणि तिचा उपयोग कोठे थांबवावा, हे घरातील वडीलधाऱ्यांनीही समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

शब्दांतून चित्र कसे उमटते

गुगलची ‘इमेजेन’, ओपनएआयची ‘डॅल-ई २’ आणि ‘स्टेबल डिफ्यूजन’ या तीनही प्रणाली २०२२ साली जगासमोर आल्या. आपण लिहिलेल्या सूचनेला ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. ही प्रणाली आपल्यासाठी कोठून तरी तयार चित्र शोधून आणत नाही. तिला आधी चित्रे व त्यांची वर्णने यांच्या प्रचंड संख्येने जोड्या दाखवलेल्या असतात. ‘लायन-५बी’ या संग्रहात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या आहेत आणि त्यातील निवडक भागावर ‘स्टेबल डिफ्यूजन’चे शिक्षण झाले.

शिकवण्याची रीत मोठी चमत्कारिक आहे. स्वच्छ चित्रावर टप्प्याटप्प्याने ठिपक्यांची धूळ टाकली जाते आणि टाकलेली धूळ कोणती, हे ओळखण्याचा सराव यंत्राकडून करून घेतला जातो. पुढे आपण प्रॉम्प्ट दिला की यंत्र निव्वळ धुळीपासून आरंभ करते आणि आपल्या शब्दांच्या अनुरोधाने ती थोडी थोडी दूर करत जाते. शेवटी जे उरते ते चित्र.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. यंत्राने आपल्या दुकानातील समई कधी पाहिलेली नसते. समई साधारणपणे कशी दिसते, एवढेच त्याला ठाऊक असते. म्हणूनच पाच वाती मागितल्या तर कधी सात येतात, समईची दांडी मध्येच वेडीवाकडी होते आणि पाटीवरील देवनागरी अक्षरे अनेकदा मोडकी निघतात.

भाड्याचे यंत्र, मोजून आकार

या कामासाठी शक्तिशाली ग्राफिक्स प्रोसेसर लागतात. ते दुकानात आणून बसवण्याऐवजी मोठ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरमधील यंत्रे भाड्याने वापरता येतात. यालाच क्लाउड सेवा म्हणतात. ज्यांनी बँकेतील बदल पाहिला आहे त्यांना हे सहज कळेल. पूर्वी प्रत्येक शाखेची खातेवही शाखेतच असे. कोअर बँकिंग आल्यावर सर्व नोंदी मध्यवर्ती केंद्रात गेल्या आणि शाखेत फक्त पडदा उरला. येथेही आपल्याकडे फक्त पडदा असतो.

आकारणी चित्रागणिक होते. गुगलच्या व्हर्टेक्स एआय सेवेत ‘इमेजेन ३’चा दर प्रतिचित्र ४ सेंट आणि तिच्या वेगवान आवृत्तीचा २ सेंट असा होता. एका प्रॉम्प्टला चार पर्याय मागितले तर आकार चार चित्रांचा लागतो. मनासारखे चित्र मिळेपर्यंत दहा वेळा शब्द बदलले, तर ४ सेंटच्या दराने ४० चित्रांचे १ डॉलर ६० सेंट होतात. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर. छायाचित्रकाराच्या बिदागीच्या मानाने ही रक्कम क्षुल्लक आहे. धोका आहे तो देखरेख नसण्याचा. अशा सेवेत अंदाजपत्रकाची रक्कम नोंदवली की खर्च तेथे आपोआप थांबेल, असे पुष्कळांना वाटते. गुगल क्लाउडमध्ये तसे होत नाही. मर्यादा गाठल्याची सूचना ई-मेलने येते. वापर मात्र चालूच राहतो. तसेच ‘एपीआय की’ नावाची जी सांकेतिक अक्षरमाला मिळते, ती सही केलेल्या कोऱ्या धनादेशासारखी जपावी. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नये, बाहेरच्या डिझायनरच्या हाती देऊ नये.

खरा प्रश्न

पैशाचा हिशेब सोपा आहे. पतीचा हिशेब त्याहून अवघड. मालाच्या तारणावर कॅश क्रेडिट देणारी बँक दरमहा स्टॉक स्टेटमेंट घेते. कागद कितीही नीटनेटका असला तरी तपासणी अधिकारी गोदामात जातो, पोत्यांची थप्पी मोजतो, वरच्या ओळीमागे काय आहे ते पाहतो. ऑनलाइन खरेदी करणाऱ्या ग्राहकाला अशी सोय नाही. त्याच्या दृष्टीने चित्र हेच स्टॉक स्टेटमेंट आणि गोदामाची किल्ली त्याच्याजवळ नसते.

पैठणीचे उदाहरण घ्या. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. हातमागावरील अस्सल पैठणीच्या पदराची मागची बाजूही पुढच्या बाजूसारखीच दिसते आणि जाणकार ग्राहक प्रथम पदर उलटून पाहतो. यंत्र पदरावरचे मोर काढेल, जरीची झळाळीही दाखवेल. पण त्या पदराला मागची बाजूच नसते, कारण ती साडी कोणी विणलेलीच नाही. असे चित्र पाहून दूरच्या गावी कोणी लग्नासाठी साडी मागवली आणि पेटीतून निराळीच निघाली, तर पैसे परत करता येतील. त्या घरात आपल्या पेढीचे नाव पुन्हा आदराने घेतले जाईल, याची हमी मात्र कोणी देऊ शकणार नाही.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. वस्तूचे खोटे वर्णन करणारी जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणारी ठरते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण ती थांबवण्याचा आदेश व्यापाऱ्याला देऊ शकते. उत्पादक किंवा मालाची भलामण करणारी व्यक्ती यांना १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे जाहिरातीतील गुणधर्माशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ‘चित्र यंत्राने काढले’ हा बचाव चालेल, अशा भ्रमात कोणी राहू नये. शिवाय गुगलने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘सिंथआयडी’ नावाची अदृश्य खूण आणली. ती डोळ्यांना दिसत नाही. पण चित्र यंत्रनिर्मित आहे हे तपासणीत उघड करते.

घरातील नियम

म्हणून वापराची सीमा आधीच आखून घ्यावी. शुभेच्छापत्र, रांगोळी, आकाशकंदील, सजावटीची पार्श्वभूमी यांसाठी यंत्राचे चित्र खुशाल वापरावे. जी वस्तू विकायची तिचे छायाचित्र मात्र प्रत्यक्ष वस्तूचेच असावे. मधला मार्गही आहे. खऱ्या छायाचित्रातील वस्तू तशीच ठेवून केवळ मागची भिंत बदलण्याची सोय या सेवांमध्ये मिळते. तेथेही कापडाचा रंग बदलला का, भांडे आहे त्याहून मोठे भासते का, हे पाहावे.

हे पाहायचे कोणी? बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायची, असा दंडक असतो. स्वतःच केलेली नोंद स्वतःच मंजूर करता येत नाही. हाच दंडक दुकानात लावावा. चित्र तयार करण्याचे कौशल्य मुलांकडे आहे, माल ओळखण्याची नजर वडिलांकडे. मुलाने चित्र करावे आणि वडिलांनी वस्तू हातात धरून ते पडताळावे. मगच ते बाहेर जाऊ द्यावे. मूळ छायाचित्र, वापरलेला प्रॉम्प्ट आणि तारीख एकत्र जपून ठेवावी, म्हणजे उद्या ग्राहकाने विचारले तर खरेदीच्या पावतीसारखा तोही कागद काढून दाखवता येईल.