मंजुरी, ऑर्डर आणि पुढची ऑर्डर : संरक्षण खरेदीविषयीचे गैरसमज

संरक्षण खरेदीच्या बातम्यांत आकडे डोळ्यांत भरतात. इतके हजार कोटी, इतक्या तोफा, इतकी विमानं. सरकार खरेदी कशी करतं, यावरच देशातले शस्त्रनिर्मितीचे कारखाने उभे राहतात किंवा मोडीत निघतात, ही बाजू मात्र मागे पडते. त्यामुळे काही समज घट्ट बसले आहेत. ते तपासून पाहू.

गैरसमज १ : मंजुरी मिळाली, म्हणजे ऑर्डर मिळाली.

वस्तुस्थिती : संरक्षण खरेदी परिषद सुरुवातीला मान्य करते ती फक्त गरज. त्यानंतर प्रस्ताव मागवणं, तांत्रिक छाननी, चाचण्या आणि किमतीची बोलणी होतात. मोठी खरेदी असेल तर मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीची मान्यताही लागते. पुण्यातल्या पाषाणच्या ‘एआरडीई’ या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने ‘एटॅग्ज’ तोफेचं काम २०१३मध्ये हाती घेतलं. २०१७च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती लोकांनी पाहिली. ३०७ तोफांचा करार झाला तो मार्च २०२५मध्ये. एवढी वर्षं माणसं आणि यंत्रं राखून ठेवणं मोठी कंपनी इतर धंद्यांच्या जोरावर निभावते. तिला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्याला ते झेपत नाही.

गैरसमज २ : खासगी कंपन्यांना दार उघडलं की उद्योग आपोआप वाढतो.

वस्तुस्थिती : १९५६च्या औद्योगिक धोरणाने शस्त्रनिर्मिती सरकारकडे राखून ठेवली होती. २००१मध्ये ती खासगी भारतीय कंपन्यांना खुली झाली. पण तोफेचं गिऱ्हाईक देशात एकच असतं, ते म्हणजे सरकार. निर्यात करायची तरी सरकारचा परवाना लागतो आणि तुमचं सैन्य हे वापरतं का, असं परदेशी सरकारही विचारतं. म्हणून खरा फरक पडतो तो खरेदीच्या नियमांनी. २०१६च्या खरेदी पद्धतीत देशातच आरेखन, विकास आणि उत्पादन झालेल्या सामग्रीला पहिलं प्राधान्य मिळालं. २०२०मध्ये १०१ वस्तूंची यादी जाहीर करून त्यांची आयात टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरलं. २०२४-२५मध्ये देशातलं संरक्षण उत्पादन सुमारे दीड लाख कोटी रुपयांवर गेलं. त्यात खासगी क्षेत्राचा वाटा २३ टक्के होता.

गैरसमज ३ : तंत्रज्ञान एकदा हाती आलं की ते कायमचं आपलं.

वस्तुस्थिती : याचं उत्तर माझगाव डॉकमध्ये मिळतं. १९८१च्या जर्मन करारानुसार दोन पाणबुड्या मुंबईत बांधल्या गेल्या. ‘शाल्की’ १९९२मध्ये आणि ‘शंकुल’ १९९४मध्ये नौदलात दाखल झाली. पण दलालीच्या आरोपांनंतर पुढच्या दोन पाणबुड्यांचा बेत बारगळला आणि काम थांबलं. पाण्याचा प्रचंड दाब सोसणारं कवच जोडणारा वेल्डर कागदावरच्या नकाशातून तयार होत नाही. त्याचा प्रत्येक जोड तपासला जातो आणि एका पाणबुडीवरचा अनुभव पुढच्या पाणबुडीवर कामी येतो. पुढची पाणबुडीच नसेल तर तो माणूस दुसऱ्या कामाला लागतो किंवा निवृत्त होतो. फ्रेंच ‘स्कॉर्पीन’ पाणबुड्यांचा करार २००५मध्ये झाला आणि मुंबईत बांधलेली पहिली ‘कलवरी’ डिसेंबर २०१७मध्ये नौदलात आली. ‘शंकुल’नंतर तब्बल २३ वर्षांनी. मधल्या काळात विस्कटलेलं कसब पुन्हा उभं करावं लागलं.

गैरसमज ४ : सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला सगळं काम देण्यातच देशाचा फायदा.

वस्तुस्थिती : सगळी ऑर्डर एकालाच गेली तर हरलेला कारखाना ते काम सोडून देऊ शकतो. मग पुढच्या वेळी स्पर्धाच उरत नाही आणि किंमत एकटा पुरवठादार ठरवतो. ‘एटॅग्ज’मध्ये कमी बोलीच्या भारत फोर्जला सुमारे ६० टक्के काम मिळालं, उरलेलं टाटा समूहाच्या कंपनीला. दोन्ही ठिकाणी तोफा बनत राहतील. ‘पिनाक’ रॉकेटांसाठीही २०२५मध्ये नागपूरची खासगी कंपनी आणि सरकारी म्युनिशन्स इंडिया, या दोघांशी करार झाले.

गैरसमज ५ : देशात जुळणी झाली, म्हणजे शस्त्र पूर्ण स्वदेशी.

वस्तुस्थिती : ‘तेजस मार्क-१ए’च्या ८३ विमानांची ऑर्डर २०२१मध्ये दिली गेली. इंजिन मात्र अमेरिकेचं. त्या ऑर्डरमधलं पहिलं इंजिन आलं मार्च २०२५मध्ये आणि विमानांचं वेळापत्रक कोलमडण्यामागे हे एक मोठं कारण होतं. इंजिनासारखा कळीचा भाग परदेशातून येतो तोवर वेळापत्रकाची किल्लीही परदेशातच राहते.

म्हणून खरेदीचं यश नुसत्या रकमेवरून मोजू नये. करार झाला का, काम किती कारखान्यांत वाटलं गेलं, कळीचे भाग कोण बनवणार आणि ही ऑर्डर संपण्याआधी पुढची ठरली आहे का, हे प्रश्न विचारायला हवेत. त्यांतला शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. मोठ्या पण तुटक ऑर्डरींपेक्षा मध्यम आकाराच्या, अखंड चालणाऱ्या ऑर्डरीच कारखान्याला आणि त्यातल्या कसबी माणसांना टिकवून धरतात. युद्ध सुरू झाल्यावर त्यांची जमवाजमव करायला वेळ नसतो.