मांजराचे पोट पावसाळ्यात का बिघडते?

दावणीच्या गाई-बैलांना काय घालावे याची चौकशी आपण आवर्जून करता. मांजराची मात्र कोणी करीत नाही. पण अलिबाग-पेणचा खारेपाट असो की मुरूड-श्रीवर्धनकडील वाड्या, कणगीतले भात उंदरांपासून राखते ते हेच जनावर. ते जुलाबाने निपचित पडले की उंदरांचे फावते.

आपल्या किनाऱ्यावर ही तक्रार पावसाळ्यात अधिक ऐकू येते, आणि तिचे कारण बहुधा आपल्या चुलीपाशीच असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. ताज्या मासळीचे तुकडे मिळेनासे होतात. त्याला लागूनच श्रावण. पुष्कळ घरांत गणपती होईपर्यंत मासळी शिजतच नाही. मग मांजराच्या वाट्याला येतो दूधभात, नाहीतर मूठभर सुका जवळा.

मांजर आवडीने दूध पिते, म्हणून ते त्याला पचते असे नव्हे. पिल्लाचे अंगावरचे दूध सुटले की दुधातील साखर पचविणारा पाचकरस त्याच्या पोटात कमी होत जातो. न पचलेली साखर आतड्यात आंबते, पाणी ओढून घेते आणि जुलाब लागतात. सगळ्याच मांजरांना हा त्रास होत नाही. पण ज्याचे पोट नाजूक, त्याचे दूध आधी बंद करा. सुक्या खारवलेल्या मासळीत मीठ फार. द्यायचीच झाली तर दोन-तीनदा पाणी बदलून भिजवा, उकडा, ते पाणी फेका आणि थोडीच द्या.

नुसत्या भातावरही मांजर ठेवू नये. ते पुरते मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला मांस-मासळीतूनच मिळते, शरीरात पुरेसे तयार होत नाही. ते कमी पडले की डोळे अधू होतात. हृदयही दुबळे होते, हे १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. तेव्हा श्रावणात घरची मंडळी खात नसली तरी मांजरापुरते उकडलेले अंडे किंवा कोंबडीचे चार तुकडे वेगळे करावेत. उपाशी मांजर उंदीर जास्त मारते, ही समजूत खोटी आहे. पोट भरलेले मांजरही शिकार करते.

जुलाब लागले, पण मांजर खेळते-खाते आहे, अशा वेळी उकडलेली कोंबडी किंवा काटे काढलेली ताजी मासळी मीठ-हळद न घालता द्या. थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा. सोबत चमचाभर मऊ भात चालेल. स्वच्छ पाणी सतत समोर असावे. शेण घट्ट झाल्यावर नेहमीचे अन्न एकदम सुरू न करता आठवडाभरात हळूहळू वाढवावे. आमटी-कालवणातला भात मात्र नको, कारण कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला बाधतो. आपला अलिबागचा पांढरा कांदा गुणाचा खरा, पण तो माणसांना!

पिल्लाला मुळीच उपाशी ठेवू नये. लहान पिल्लू एका दिवसात सुकून जाते. मोठे मांजरही दिवसभर काही खात नसेल, उलट्या होत असतील किंवा शेणात रक्त दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. जंताचे औषधही तेथूनच वजनाप्रमाणे घ्यावे. घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. एका गोळीने मांजर दगावते.

आणि एक विचारून घ्या: शेजाऱ्यांनी बांधावर किंवा माळ्यावर उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड ठेवले आहे काय? विषाने मेलेला उंदीर खाऊन उलट्या करणाऱ्या मांजराला पेज पाजत बसू नका. विषाची पुडी सोबत घ्या आणि ताबडतोब दवाखान्यात निघा.