किलोचे पाचशे चाळीस

कढईतलं तेल उडेल, चकली तेलात विरघळेल, भाजणी जाड दळली जाईल, यांतल्या कशाचीच मला भीती वाटत नाही. घाम फुटतो तो फोनवरच्या एका साध्या प्रश्नाने: “भाभीजी, चकली कैसे दी?” फोन कधी कोलार रोडवरून येतो, कधी अरेरा कॉलनीतून, कधी थेट भेल कारखान्याच्या वसाहतीतून, पिपलानीतून. विचारणारी बाई सज्जन असते, घेण्याच्या तयारीनेच विचारत असते. आणि माझ्या घशात ‘पाचशे चाळीस’ अडकून बसतात. सुरुवातीच्या काळात तर ते बाहेर येईपर्यंत साडेचारशे झालेले असत, आणि वर ‘आपके लिए’ अशी पुस्ती.

मी भोपाळमध्ये घरून फराळाचं करते. दिवाळीत चकली, चिवडा, अनारसे; संक्रांतीला गूळपोळी; गणपतीत उकडीचे मोदक. हाताखाली दोघी मदतनीस आहेत. नव्याने काही सुरू करू पाहणाऱ्या बायका माझ्याकडे येतात आणि पाककृती विचारता विचारता हळूच खरा प्रश्न काढतात: तुमची भीती कशी गेली हो? ती गेलेली नाही. पण ती कुठून येते हे मला बऱ्यापैकी ठाऊक झालं आहे, आणि त्यातली बरीचशी माझी नाही, वारशाने आलेली आहे, हेही.

आमचं घर नागपूरचं. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची नवी रचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरची राजधानी गेली. मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली आणि तिच्यामागोमाग नागपूरच्या सचिवालयातले कितीतरी कारकून, लघुलेखक, हेडक्लार्क इकडे आले. सासरे त्यांतलेच. तात्या टोपे नगरात, म्हणजे टी. टी. नगरात, सरकारी क्वार्टर मिळालं. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहिला, तिथेही मराठी माणसं लागली. भोपाळची आमची बरीचशी मराठी वस्ती ही अशी, नियुक्तिपत्र हातात घेऊन आलेली.

मी पहिल्यांदा पैसे घेऊन डबे दिले तेव्हा सासरे गॅलरीतून म्हणाले होते, “काय करून राहिली तू हे? काय कमी आहे घरात?” ते रागावले नव्हते, घाबरले होते. आता मला त्याचं कारण दिसतं. नोकरदार माणसाला उभ्या आयुष्यात स्वतःची किंमत स्वतःच्या तोंडाने सांगावी लागत नाही. ती वेतन आयोग सांगतो. महागाई भत्ता कुणीतरी दिल्लीत ठरवतं, वाढ दरवर्षी आपसूक लागते, आणि पहिल्या तारखेला पगार होतो. मागणं करायचंच तर संघटना करते, तेही सगळ्यांचं मिळून. अशा घरात तीन पिढ्या काढलेल्या माणसाने एकदम फोनवर ‘माझ्या कामाचे इतके’ म्हणायचं, तर आवाज फुटणार कसा?

याच्या उलट जुमेरातीत बघा. जुन्या भोपाळमधल्या या बाजारात मी डाळी आणि पोहे घ्यायला जाते. शाळेतून आलेला मुलगा बापाच्या शेजारी गादीवर बसलेला असतो. गिऱ्हाईक भाव विचारतं, तो सांगतो. गिऱ्हाईक नाक मुरडून पुढे जातं, तो दुसऱ्याकडे वळतो. “नहीं जमा तो कोई बात नहीं, फिर आना.” भाव नाकारला म्हणजे आपल्याला नाकारलं असं त्याला वाटतच नाही. तो काही जन्मतः धीट नाही. त्याने दहा वर्षांचा होईपर्यंत हजारो नकार ऐकलेले असतात, तेही चहा पिता पिता.

यावरून लगेच ‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ असं म्हणणारे भेटतात. मला ते वाक्य आळशीपणाचं वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये पगारी शिक्षकच होते. बढती डावलली गेली म्हणून नोकरी सोडून बेळगावात सायकलींच्या दुकानात उभे राहिले. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमिनीत विष भिनतं असा शेतकऱ्यांचा समज. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली म्हणतात. किर्लोस्करवाडी उभी राहिली 1910 मध्ये. आपण वाडीची गोष्ट सांगतो, त्या दोन वर्षांची सांगत नाही. न विकलेला नांगर रोज समोर दिसत असताना तो माणूस काय म्हणत असेल स्वतःशी, याचा मला जास्त विचार येतो.

आता हिशेबाचं. कारण माझ्या अनुभवात भीतीचा मोठा भाग हा न केलेल्या हिशेबाचा असतो. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी पहिल्यांदा एक कागद देते आणि एक किलो चकलीचा खर्च लिहायला सांगते. त्या डाळ, तांदूळ, तेल लिहितात आणि थांबतात. मग मी माझी वही उघडते. दळणासकट भाजणी 90 रुपये. तेल आणि मोहन 75. गॅस 20. डबा, पिशवी, लेबल मिळून 15. मदतनिसांची मजुरी 60. घरपोच पोचवण्याचे 20. झाले 280. इथे बहुतेक जणी पेन ठेवतात. मी विचारते, आणि तुमचे? भाजणी भाजताना दोन तास उभ्या होतात त्याचे? त्या हसतात. मी स्वतःचे 80 धरते. 360. त्यावर 180 धंद्याचे, ज्यातून फुटलेला माल, न आलेले पैसे, बिघडलेला मिक्सर आणि पुढच्या हंगामाचं तेल निघायचं असतं. म्हणून 540.

हे 80 रुपये लिहिताना हात अडतो, कारण तीच चकली आपण पंचवीस वर्षं फुकट केलेली असते. नणंदेला दिली, शेजारी दिली, मुलांच्या वर्गात वाटली. त्याच हाताच्या त्याच चकलीचे आज पैसे मागायचे म्हणजे काहीतरी लबाडी केल्यासारखं वाटतं. 1978 मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी शिकलेल्या, यशस्वी अशा सुमारे दीडशे स्त्रियांविषयी लिहिलं होतं. पदव्या, हुद्दे असूनही त्यांना आतून वाटायचं की आपण मुळात लायक नाही, एक दिवस उघडे पडू. त्या विषयावर तेव्हापासून पुष्कळ लिहिलं गेलं. पण आमच्यासारख्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे असं माझं मत. आमच्या कामाला कुणी कधी आकडाच लावला नव्हता. ‘सुगरण आहे’ म्हटलं की हिशेब मिटला. तेव्हा ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ असं भाषण देण्यापेक्षा कागदावर 80 लिहायला लावणं मला जास्त उपयोगी वाटतं.

वही झाल्यावर भाव सांगताना धडधड थांबते असं नाही. फरक इतकाच की आता मला ठाऊक असतं, साडेचारशे म्हटले तर नव्वद रुपये कुठून जाणार आहेत.

अर्थशास्त्राच्या बाजूनेही या धडधडीचं एक स्पष्टीकरण आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात मांडलं की माणसाला मिळालेल्यापेक्षा गमावलेलं जास्त लागतं. छापा पडला तर शंभर रुपये द्यायचे आणि काटा पडला तर शंभर मिळणार, अशी पैज लोक सहसा घेत नाहीत. समोरून दोनशेच्या आसपास मिळणार असतील तरच राजी होतात. घरगुती धंद्यात हे रोज घडतं. दहा गिऱ्हाइकं पाचशे चाळीस निमूट देतात, अकरावी ‘बहुत महँगा है’ म्हणते, आणि रात्री डोळ्यांपुढे अकरावीच येते. म्हणून मी वहीत दोन रकाने ठेवले: किती जणींनी भाव विचारला आणि किती जणींनी घेतलं. झोप लागत नसली की ते पान बघायचं. मनाची मोजणी भरवशाची नसते.

भोपाळमध्ये राहून बाईने पैसे मागण्याविषयी लिहायचं आणि गॅसपीडित बायकांचं नाव घ्यायचं नाही, हे मला शक्य नाही. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधल्या रात्री विषारी वायूची गळती झाली, आणि त्यानंतर या शहरात हजारो घरांमधले कमावते गेले किंवा कामाचे राहिले नाहीत. सरकारने बायकांसाठी शिवणकाम, स्टेशनरी बनवणं अशी कामं शिकवणारी केंद्रं काढली. स्टेशनरीच्या अशाच एका केंद्रात रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला भेटल्या. एक पडद्यात वाढलेली, विड्या वळणारी, दुसरी घरसंसारातली. काम केलं, पण मोबदला कामाच्या मानाने कमी. मागायला जायचं तर कुणाकडे, कसं बोलायचं, काहीच ठाऊक नव्हतं. 1986 मध्ये त्यांनी स्वतःची संघटना काढली. 1989 मध्ये संघटनेच्या बायका मागण्या घेऊन दिल्लीला चालत गेल्या, साडेसातशे किलोमीटर. 2004 मध्ये दोघींना पर्यावरणाचा गोल्डमन पुरस्कार मिळाला आणि त्या पैशांतून गॅसपीडितांच्या अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट उभा राहिला. त्यांची लढाई फार मोठ्या गोष्टीची, माझी चकलीची. तुलना करायची माझी हिंमत नाही. पण त्या एकट्या गेल्या नाहीत, हे मी त्यांच्यापासून उचललं. आम्ही घरून खाद्यपदार्थ करणाऱ्या काही जणी आता दिवाळीच्या महिनाभर आधी बसून भाव ठरवतो. एकीने पाचशे चाळीस सांगायचे आणि दुसरीने भीतीपोटी चारशे, हे त्यामुळे बरंच कमी झालं.

उधारी हा मात्र वेगळाच प्राणी. मध्यंतरी एका खासगी कार्यालयाने दिवाळीभेटीसाठी मोठी ऑर्डर दिली, माल उचलला आणि पैसे रखडवले. फोन केला की ‘अकाउंट्समध्ये आहे’. आपलेच पैसे मागताना मी ‘सॉरी, तकलीफ दे रही हूँ’ म्हणत होते. ओळखीच्या एका वकिलाने कायदा दाखवला. 2006 च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी केलेल्या सूक्ष्म वा लघू उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. नोंदणी म्हणजे ‘उद्यम’, ऑनलाइन होते, फी नाही. माझी होती. मी त्यांना चार ओळींची मेल केली, त्यात कलम 15 आणि 16 चा उल्लेख केला, एकही ‘सॉरी’ घातलं नाही. पैसे आले. आता मोठ्या ऑर्डरला निम्मी रक्कम आगाऊ घेते, आणि ते बिलाच्या कागदावर छापलेलंच असतं. छापलेलं असलं की तोंडाने सांगावं लागत नाही, हा माझ्यासारख्यांना केवढा आधार!

सरकारी कागदांची धास्ती तर त्याहून पोकळ. अन्नसुरक्षेची नोंदणी मी काढली तेव्हा वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्यांसाठी तिचं शुल्क वर्षाला शंभर रुपये होतं. ‘इन्स्पेक्टर येईल’ या विचाराने वर्षानुवर्षं लपूनछपून डबे देणाऱ्या बायका मला माहीत आहेत. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं, पण बँकेची पायरी चढायला नको म्हणून दागिना गहाण टाकतात. इथे धीर नव्हे, अर्धा दिवस आणि आधार कार्ड लागतं.

सध्याची माझी भीती मात्र खरी आहे, आणि तिला मी घालवू पाहत नाही. कोलार रोडला एक गाळा बघितला आहे. भाडं महिना अठरा हजार. नवरा म्हणतो घे, मुलगी म्हणते थांब. वही काढली. किलोमागे 180 रुपये धरले तर नुसत्या भाड्यासाठी महिन्याला शंभर किलो माल गेला पाहिजे. श्रावण ते दिवाळी तो सहज जातो, डिसेंबर-जानेवारीतही गूळपोळी आणि तिळाचे लाडू हात देतात. पण पितृपक्षात पंधरवडाभर फोन वाजत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये भोपाळच्या उन्हात चकली कोण खातं? त्या दोन महिन्यांसाठी कुरडया, पापड, सांडगे ठेवायचे ठरवते आहे. त्यांचा किलोचा हिशेब अजून मांडायचा आहे, कारण वाळवणाला गॅस लागत नसला तरी गच्ची लागते, आणि गाळ्याला गच्ची नाही. घरमालकाला सोमवारपर्यंत उत्तर हवं आहे. भाडं सोळा हजार करता का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. उद्या सकाळी विचारणार आहे.