पाहुण्यांचं गाव, रहिवाशांच्या सोयी

व्हँकुव्हरहून उत्तरेला निघालेला 99 क्रमांकाचा महामार्ग आधी समुद्राच्या कडेकडेने आणि मग डोंगरांमधून चढत जातो. साधारण 120 किलोमीटरवर व्हिसलर येतं. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं हे गाव स्की खेळणाऱ्यांना जगभर ठाऊक आहे. व्हँकुव्हरला मुलांकडे गेलेल्या मराठी आईवडिलांचीही इथे एक दिवसाची सहल ठरलेली असते. गोंडोलातून वर जायचं, बर्फात फोटो काढायचे, खालच्या चौकात कॉफी प्यायची आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचं.

या सहलीत न दिसणारं व्हिसलर जास्त पाहण्यासारखं आहे. 2021च्या जनगणनेत इथे 13,982 माणसं कायमची राहत होती. 2016 मध्ये हाच आकडा 11,854 होता. ही माणसं लिफ्ट चालवतात, हॉटेलातल्या खोल्या आवरतात, शाळेत शिकवतात, रस्त्यावरचा बर्फ काढतात. त्यांची मुलं पोहायला कुठे शिकतात, कामावरून सुटल्यावर ती स्वतः कुठे खेळतात, गावातले वयस्कर लोक फिरायला कुठे जातात? पर्यटनावर जगणाऱ्या डोंगरी गावाची पारख या प्रश्नांवरच व्हायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

ही दरी मुळात स्क्वॉमिश आणि लिलवॅट या आदिवासी राष्ट्रांची. 1914 मध्ये इथवर रेल्वे आली. त्याच वर्षी अ‍ॅलेक्स आणि मर्टल फिलिप या जोडप्याने आल्टा तळ्याच्या काठी रेनबो लॉज उघडलं आणि मासे धरायला शहरातून माणसं येऊ लागली. 1966 मध्ये डोंगरावर स्कीच्या लिफ्ट सुरू झाल्या, तेव्हाही खाली गाव म्हणावं असं काही नव्हतं. मग जमिनीला भाव आला आणि रस्त्याच्या कडेने जिथे प्लॉट मिळेल तिथे बांधकामं उठू लागली. सांडपाण्याची धड व्यवस्था नव्हती. अखेर 1974 मध्ये प्रांत सरकारने नवी बांधकामं थांबवली आणि 1975 मध्ये खास कायदा करून व्हिसलरला ‘रिसॉर्ट म्युनिसिपालिटी’ केलं. कॅनडातली ही अशी पहिलीच नगरपालिका.

गावाचा मध्य कुठे असावा, हा पहिला मोठा प्रश्न होता. डोंगराच्या पायथ्याशी, मोक्याची आणि सरकारी मालकीची एक जागा सापडली. तो गावाचा कचरा डेपो होता आणि अस्वलं तिथे चरायला येत. डेपो हलवला आणि त्या जागी आजचं ‘व्हिलेज’ उभं राहिलं. आराखडा एल्डन बेक या कॅलिफोर्नियातल्या लँडस्केप आर्किटेक्टचा. त्याने पायी चालणाऱ्याची वाट आधी आखली आणि इमारती तिच्या दोन्ही बाजूंना बसवल्या. वाट सरळ नाही, वळत जाते. प्रत्येक वळणावर डोंगराचा वेगळा तुकडा समोर येतो. हिवाळ्यातलं कोवळं ऊन चौकात पोचावं म्हणून इमारतींच्या उंचीचा आणि दिशेचा विचार झाला. मोटारी बाहेर ठेवल्या. एवढ्या वर्षांनंतरही लहान मूल तिथे निर्धास्त पळू शकतं, ही साधी गोष्ट नव्हे.

याच व्हिलेजमध्ये आईस रिंक आणि जलतरण तलाव असलेलं एक क्रीडासंकुल व्हायचं होतं. काम सुरूही झालं. पण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मंदी आली, व्याजदर आकाशाला भिडले आणि इमारत अर्धवट राहिली. 1983 मध्ये प्रांत सरकारने सगळं आपल्या हातात घेतलं आणि 1985 मध्ये ती पुरी झाली ती परिषदा भरवण्याचं केंद्र म्हणून. धंद्याच्या हिशेबाने निर्णय बरोबर होता. परिषदांमुळे बर्फ नसलेल्या महिन्यांतही हॉटेलं भरतात आणि गाव तगतं. पण कॅनडात आईस हॉकीचं रिंक म्हणजे आपल्याकडचं क्रिकेटचं मैदान. ते मिळायला गावातल्या पोरांना नव्वदच्या दशकापर्यंत थांबावं लागलं.

तेव्हा उभं राहिलेलं ‘मेडो पार्क’ क्रीडाकेंद्र व्हिलेजपासून सहाएक किलोमीटर उत्तरेला आहे. रिंक, पोहण्याचा तलाव, लहान मुलांसाठी उथळ पाण्याचा वेगळा तलाव, स्क्वॉश कोर्ट, व्यायामशाळा असं सगळं एका छपराखाली. पर्यटकही तिथे येतात, पण व्हिसलरचे रहिवासी एकमेकांना खऱ्या अर्थाने भेटतात ते इथे.

अशा गावात सोयींचं गणित डोक्यांवरून मांडता येत नाही. कायमचे रहिवासी चौदा हजार असले तरी गर्दीच्या दिवसांत त्याच्या कितीतरी पट माणसं दरीत असतात. पाण्याच्या टाक्या, मलनिस्सारण, रस्ते, बागा हे सगळं त्या दिवसाला पुरलं पाहिजे. म्हणून व्हिसलरने ‘बेड युनिट’, म्हणजे एका माणसाच्या मुक्कामाला लागणारी सोय, हे माप वापरलं. स्वतंत्र घर असेल तर सहा, हॉटेलची खोली असेल तर तिच्या आकाराप्रमाणे त्याहून कमी. संबंध दरीत अशी किती युनिटं होऊ द्यायची, याला मर्यादा घातली. मर्यादा पुढे वाढली, तिच्यावर वादही झाले. तरी गावाने किती वाढायचं, याचा आकडा नगरपालिकेने लिहून ठेवणं मला फार मोलाचं वाटतं. तो असला म्हणजे निदान भांडता तरी येतं.

तळ्यांच्या बाबतीत व्हिसलरने जे केलं ते तर डोळे भरून पाहावं. आल्टा, अल्फा, नीता, ग्रीन, लॉस्ट अशी तळ्यांची माळच दरीत आहे. त्यांच्या काठावर ठिकठिकाणी सार्वजनिक बागा आहेत: गवत, वाळूचा किनारा, लाकडी धक्का. या सगळ्यांना जोडणारी ‘व्हॅली ट्रेल’ ही चाळीस किलोमीटरहून लांब डांबरी वाट फक्त चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची. उन्हाळ्यात पर्यटक तिच्यावरून तळ्यावर जातात आणि गावकरी कामावर. हिवाळ्यात तिच्या काही भागांवरचा बर्फ नगरपालिका काढते, कारण तो रोजच्या ये-जा करण्याचा रस्ता आहे.

अशा कामांना पैसाही मिळतो. रिसॉर्ट गावांनी पर्यटनाच्या सोयी कराव्यात म्हणून प्रांत सरकार हॉटेलच्या कराच्या आधारे त्यांना निधी देतं. त्यातून वाटा, बाकं, स्वच्छतागृहं होतात आणि ती दोघांच्याही उपयोगी पडतात. मात्र या व्यवस्थेची एक दुखरी बाजू आहे. पाहुणा आणि रहिवासी या दोघांच्या कामाचं जे असतं ते लवकर होतं. फक्त रहिवाशाला लागणारं, म्हणजे पाळणाघर, रिंकवरचा सरावाचा वेळ, पावसाळी दिवसांसाठी बंदिस्त मैदान, हे रांगेत मागे राहतं. गावाचं वाचनालय 1986 मध्ये नगरपालिकेच्या तळघरात सुरू झालं. स्वतःची देखणी इमारत त्याला 2008 मध्ये मिळाली.

2010च्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळीही हेच दिसलं. पॅरालिम्पिकमधल्या स्लेज हॉकीसाठी व्हिसलरला नवं रिंक बांधायचं होतं. खर्च वाढत गेला तसा तो बेत सोडला आणि सामने व्हँकुव्हरला झाले. बांधण्यापेक्षा पुढे वर्षानुवर्षं चालवण्याचा खर्च छोट्या गावाला झेपत नाही, हे खरं. पण दुसरं रिंक हुकलं ते हुकलंच.

ऑलिंपिकने दिलेली खरी देणगी दक्षिणेला, चीकमस नदीच्या बाजूला आहे. खेळाडूंचं निवासस्थान तिथे बांधतानाच नंतर ती गावकऱ्यांची वस्ती होणार, हे ठरलेलं होतं. खेळ संपले आणि ‘चीकमस क्रॉसिंग’मध्ये कुटुंबं राहायला आली. शेजारच्या सांडपाणी प्रकल्पातली उष्णता वापरून तिथली घरं ऊबदार ठेवली जातात. 1997 मध्ये स्थापन झालेली ‘व्हिसलर हाउसिंग अथॉरिटी’ घरं फक्त गावात काम करणाऱ्यांसाठी राखते आणि त्यांच्या पुनर्विक्रीच्या किमतीवर मर्यादा ठेवते. निदान 75 टक्के कामगार गावातच राहावेत, हे नगरपालिकेचं धोरण आहे. माझ्या मते व्हिसलरची सगळ्यात महत्त्वाची सार्वजनिक सोय हीच. मुलांना फुटबॉल शिकवणारा, वाचनालयात पुस्तकं लावणारा, कामानंतर फावडं घेऊन सायकलवाटा दुरुस्त करणारा माणूस जर रोज तासभर लांबून येत असेल, तर तो संध्याकाळी मैदानावर थांबणार कसा?

चीकमस क्रॉसिंगच्या वरच्या उतारावर पुढची घरं उठत आहेत. तिथे खेळाडूंचं सराव केंद्र आहे, मैदान आहे. पण तलाव आणि रिंक दरीच्या पार उत्तर टोकाला, आणि लहान मुलांची सगळ्यात दाट वस्ती होऊ लागली आहे ती दक्षिणेला. नव्वदच्या दशकातल्या मेडो पार्कच्या इमारतीचंही आता वय झालं आहे. तिच्यावर पुन्हा मोठा खर्च करण्याआधी दक्षिणेला दुसरा तलाव बांधायचा का, हे नगरपालिकेने ठरवायला हवं. बांधावा, असंच मी म्हणेन, आणि तो त्या पोरांना चालत जाता येईल एवढ्या अंतरावर असावा.