हायपो, पाणी आणि मंजुरी

मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयास 2023 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला, या वार्तेने मन प्रसन्न व्हावयास प्रत्यवाय नव्हता. परंतु त्याच सुमारास जालन्यातील एका बंद पडलेल्या स्टुडिओतील निगेटिव्हांची खोकी भंगारवाल्याकडे गेल्याचे कानी आले, आणि छायाचित्रणाच्या उच्च विद्येशी आमच्या जिल्ह्याची सोयरीक कधी जुळलीच नाही, हे जुने शल्य पुन्हा ठसठसू लागले.

प्रारंभीच्या इतिहासाने वाचकास शिणविण्याचे कारण नाही. 1855 मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. इकडे ज्या निजामाच्या मुलखात जालना मोडत होते, त्याने लाला दीनदयाळांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब बहाल केला. पण किताब म्हणजे पाठशाळा नव्हे. पुढे 1969 मध्ये अकबर पदमसींनी मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ उभारले, तेथे तरुण नलिनी मालानी छायाचित्र आणि चलच्चित्र यांच्यामधील कुंपण ओलांडू लागल्या, बडोद्यास ज्योती भट्ट हाती कॅमेरा घेऊन लोककलेच्या मागे खेडोपाडी हिंडू लागले. आम्हास यातील कशाचीही गंधवार्ता नव्हती.

मला सांगावयाचे आहे ते 1981 नंतरच्या दशकाविषयी. 1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, नव्या कचेऱ्या थाटल्या गेल्या, प्रत्येक अर्जास छायाचित्र चिकटविणे आले, आणि स्टुडिओंना बरकत आली. त्या काळोख्या खोल्यांत, लाल दिव्याखाली, आमचे उस्ताद जे शिकवीत ते कोणत्याही पदव्युत्तर वर्गास शोभले असते: निगेटिव्हवर पेन्सिलीने केलेले रिटचिंग, एन्लार्जरखाली तळहाताची सावली धरून चेहऱ्यावर राखलेला उजेड, आणि सर्वांत कठीण म्हणजे पाण्याचा हिशेब. चित्र पक्के करण्यास वापरलेले हायपो हे रसायन ब्रोमाइड कागदातून वाहत्या पाण्याने निःशेष धुतले नाही, तर काही वर्षांत चित्र पिवळे पडते. आणि वाहते पाणी ही जालन्यात चैनीची वस्तू. त्या काळच्या लग्नांच्या अल्बमांत वधूवरांच्या मुखांवर जी पिवळी छटा चढलेली दिसते, ती हळदीची नव्हे, टंचाईची आहे.

याच विद्येचा रीतसर अभ्यासक्रम सुरू करावा, असा मसुदा आम्ही काही जणांनी एका दफ्तरी रुजू केला. ‘बटण दाबण्यास पदवी कशास?’ असा तोंडी शेरा मारून एका अधिकाऱ्याने तो परत केला. त्याचे नाव घेत नाही. पण स्वतःच्या सेवापुस्तकास लावावयाच्या तसबिरीसाठी, डावा गाल नीट दिसावा म्हणून, त्याच गृहस्थाने उस्तादांकडून तीनदा प्लेट काढविली होती, एवढे नमूद करणे मात्र माझे कर्तव्य आहे.

नंतरची वर्षे कंटाळवाणी. रंगीत लॅब आल्या, मग डिजिटल आले, आणि जानेवारी 2012 मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढच्याच दुष्काळात महानगरांतील छायाचित्रकार आमच्या कोरड्या विहिरी आणि घागरींच्या रांगा टिपून नेऊ लागले. ती चित्रे उत्तम होती, याविषयी माझा वाद नाही, परंतु त्यांच्या मांडणीचा, मालकीचा, नीतीचा ऊहापोह ज्या वर्गात व्हावयास हवा होता, तो वर्ग येथे नव्हता. 2018 मध्ये रसायन तंत्रज्ञान संस्थेचे आवार जालन्यास आले, ते योग्यच झाले; केवळ विनोद असा की, चित्रविद्या जोवर रसायनांची होती तोवर रसायनशास्त्र आले नाही, आणि ते आले तेव्हा हायपोची शेवटची बाटली मोरीत रिकामी झालेली होती.

आता मुलांना छायाचित्रणातील पदव्युत्तर पदवीसाठी गांधीनगरच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेकडे पाहावे लागते. तेथे छायाचित्र, ध्वनी, प्रक्षेपण, अभिलेखागार हे सारे एकाच प्रबंधाचे अवयव मानले जातात. अशा विद्यार्थ्यास ती भंगारात गेलेली खोकी पुरेशी होती: एका नव्या जिल्ह्याने पहिल्या दहा वर्षांत सरकारदरबारी दाखविलेला संपूर्ण चेहरा त्यांत होता. अशा खोक्यांचे जतन व्हावे असा अर्ज गतवर्षी मी पुन्हा केला. त्यावर, यातून रोजगारनिर्मिती किती होईल, अशी विचारणा आली आहे.