धूर कोणाच्या खात्यात?

ऑस्ट्रेलियात नोकरी लागली की 'सुपर' चालू होतं. आपल्या पीएफचा भाऊच म्हणा. मालकाने आपल्या निवृत्तीसाठी भरलेले पैसे फंड शेअर बाजारात गुंतवतो. वर्षाकाठी पत्रक येतं, आकडा वाढलाय ना एवढं बघून आपण ते बंद करतो. मीही तेच करायचे. एकदा मात्र गुंतवणुकीची यादी खालपर्यंत वाचली आणि तिथे वुडसाइड भेटली. पर्थची ही बलाढ्य तेल-वायू कंपनी. म्हणजे तिच्यात माझाही इवलासा वाटा निघाला!

वुडसाइड हवामान बदल नाकारत नाही. २०३० पर्यंत उत्सर्जनात ३० टक्के कपात, २०५० पर्यंत 'नेट झिरो' असं तिच्या आराखड्यात लिहिलेलं आहे. तरीही एप्रिल २०२४ मध्ये पर्थला झालेल्या वार्षिक सभेत सुमारे ५८ टक्के मतं या आराखड्याच्या विरोधात पडली. मत फक्त सल्ल्यापुरतं होतं, कंपनीवर बंधनकारक नव्हतं. पण ही मतं रस्त्यावरच्या आंदोलकांची नव्हती, भागधारकांची होती.

मग खटकलं काय? मुख्यतः हिशेबाची पद्धत. उत्सर्जनाचे तीन कप्पे करतात. कंपनीच्या स्वतःच्या चिमण्यांतून निघतं ते स्कोप १, विकत घेतलेल्या विजेमागचं स्कोप २, आणि गिऱ्हाइकाने माल जाळल्यावर निघणारं येतं स्कोप ३ मध्ये. ती ३० टक्के कपात फक्त पहिल्या दोन कप्प्यांतली, आणि तीही कार्बन क्रेडिट वजा करून. बिडी कारखानदाराने फक्त कारखान्यातला धूर मोजावा, तसं हे.

शाळेतलं रसायनशास्त्र आठवा. १६ ग्रॅम मिथेन जळला की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे एका टनामागे पावणेतीन टन. सत्तर हजार टन द्रवरूप वायू नेणारं एकच जहाज घेतलं, तरी जवळजवळ दोन लाख टन झाले. वुडसाइडचा तिसरा कप्पा पहिल्या दोघांच्या दहापटीहून मोठा आहे.

या कंपन्यांना विज्ञान उशिरा कळलं म्हणावं, तर तसंही नाही. २०२३ साली 'सायन्स'मध्ये जेफ्री सुप्रान आणि सहकाऱ्यांनी एक्सॉनचे १९७७ ते २००३ मधले अंतर्गत अंदाज तपासले. दर दशकाला सरासरी ०.२ अंश तापमानवाढ, असं त्यांच्याच शास्त्रज्ञांनी काढलं होतं. प्रत्यक्षात जवळपास तसंच घडलं. मॉडेल बरोबर ठरल्याचा आनंद काय असतो ते मला ठाऊक आहे. त्या लोकांना तो कसा लागला असेल, कोण जाणे. कंपनी मात्र बाहेर अनेक वर्षं 'विज्ञान अजून अनिश्चित आहे' असंच सांगत राहिली.

आता मान्य करण्याचा टप्पा बहुतेक सगळ्यांनीच ओलांडलाय. अडतं पुढे. पश्चिम ऑस्ट्रेलियात बॅरो बेटावरच्या शेव्हरॉनच्या गॉर्गन प्रकल्पाला परवानगी देताना अट होती, की विहिरीतून वायूबरोबर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी ८० टक्के पुन्हा जमिनीखाली गाडायचा. वायूची निर्यात २०१६ मध्ये सुरू झाली, गाडणं सुरू व्हायला ऑगस्ट २०१९ उजाडला. पहिल्या पाच वर्षांत ५२ लाख टनांहून अधिक तूट पडली आणि ती क्रेडिट विकत घेऊन भरायची ठरली. जमिनीखाली गाडलेलं आणि कागदावर वजा केलेलं सारखंच, हे माझ्यातल्या शास्त्रज्ञाला पटत नाही.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. वीज करताना वायू कोळशाच्या साधारण निम्मा कार्बन डायऑक्साइड सोडतो (वाटेत मिथेन गळला नाही तर!), आणि शेवटी जाळतं ते गिऱ्हाईकच. गॉर्गनचा वायू कोचीला आणायचा करार आपल्या पेट्रोनेटने २००९ मध्येच केला होता. तो धूर भारताच्या खात्यात पडतो. नफ्याची नोंद इकडे होते आणि त्यातला कणभर माझ्या सुपरमध्ये येतो.

फंडाने कुठल्या सभेत कसं मत दिलं, ते त्याच्या संकेतस्थळावर सापडतं. माझ्या फंडाने वुडसाइडच्या आराखड्याला विरोध केला होता. शेअर मात्र अजून तिथेच आहेत.